विश्लेषण : तेलाच्या दिव्यावर पॅरिसला 'भुते' दाखवणारा रॉबर्टसन कोण होता?

आजच्या लाइट शोमध्ये एखाद्या कवितेतले किंवा कादंबरीतले प्रसंग भिंतीवर, जमिनीवर, कधी थेट आपल्या शर्टावर उमटतात. प्रोजेक्टर कुठे लपवला आहे ते दिसत नाही, आवाज सगळीकडून येतो आणि प्रेक्षक त्या गोष्टीच्या आत उभा असतो. कल्पना नवी वाटते. पण विजेचे दिवे नव्हते, फोटो नव्हता, सिनेमा यायला जवळपास शंभर वर्षे होती, तेव्हाच एतिएन-गास्पार रॉबर्ट नावाच्या माणसाने हे सगळे पॅरिसमध्ये करून दाखवले होते. त्याने लावलेले नाव रॉबर्टसन आणि त्याच्या खेळाचे नाव 'फॅन्टॅस्मागोरिया'. हा रॉबर्टसन कोण होता, त्याचे तंत्र काय होते आणि दिव्याच्या उजेडाला लोक इतके का घाबरायचे, ते पाहू.

आत गेल्यावर काय दिसायचे?

३ जानेवारी १७९९. पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकाजवळ कापुसिन पंथाच्या नन्सचा जुना मठ होता. राज्यक्रांतीत नन्सना बाहेर काढले गेले आणि मठ ओस पडला. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिचे दफन याच मठात झाले होते. रॉबर्टसनने आपल्या खेळासाठी नेमकी हीच जागा निवडली.

तिकीट काढून लोक थेट खुर्चीत जाऊन बसत नसत. आधी मठाचे लांब, अंधारे बोळ पार करावे लागत. मग एक दालन लागायचे. तिथे आरसे, भिंगे, दृष्टिभ्रमाच्या गमती आणि विजेचे प्रयोग मांडलेले असत. स्थिर विद्युत, मेलेल्या बेडकाचा पाय विजेने कसा झटका देतो, असे त्या काळातले ताजे विज्ञान तिथे पाहायला मिळे. त्यापुढे इजिप्शियन चित्रलिपी कोरलेला एक दरवाजा. आत छताला एकच मिणमिणता दिवा. सगळे स्थिरस्थावर झाले की रॉबर्टसन बोलायला उभा राही. आपण भुते बोलावणारे मांत्रिक नाही, हे सारे भौतिकशास्त्र आहे, असे तो स्पष्ट सांगे. मग तो दिवा विझे.

विजांचा कडकडाट, पावसाचा आवाज, लांबून वाजणारी घंटा. त्यात ग्लास हार्मोनिका, म्हणजे फिरत्या काचेच्या वाट्यांवर ओली बोटे फिरवून वाजवायचे वाद्य. बेंजामिन फ्रँकलिनने बनवलेल्या या वाद्याचा सूर कानात रेंगाळत राहतो आणि नेमका कुठून येतो ते चटकन कळत नाही. समोर काळोखात एक ठिपका दिसे. ठिपक्याचा चेहरा होई, चेहऱ्याची आकृती होई आणि ती आकृती भराभर मोठी होत प्रेक्षकांच्या अंगावर येई. अनेक जण डोळे झाकून घेत, बायका किंचाळत, काही पुरुष म्हणे काठ्या उगारत. शेवटी एका चौथऱ्यावर अचानक उजेड पडे आणि तिथे तरुणीचा सांगाडा उभा असे. खरा. प्रत्येकाचे शेवटी हेच होणार, असे सांगून रॉबर्टसन लोकांना घरी पाठवी.

भूत बोलवायला निघालेला मुलगा

त्याचा जन्म १५ जून १७६३ चा, लिएज शहरातला. आज हे शहर बेल्जियममध्ये आहे. शिक्षण ल्युव्हेनला झाले. चित्रकलेत हात चांगला होता आणि ओढा प्रकाशशास्त्राकडे. सतराव्या शतकातला जेझुइट विद्वान आथानासियुस किर्शर याचा प्रकाश आणि सावलीवरचा जाडजूड ग्रंथ त्याने वाचला होता. आठवणींच्या पुस्तकात त्याने गमतीने कबूल केले आहे की, लहानपणी आपला सैतानावर विश्वास होता आणि त्याला बोलावण्याचे प्रयत्नही आपण केले. सैतान काही आला नाही, तेव्हा आपणच सैतान तयार करायचे ठरवले.

१७९१ मध्ये तो पॅरिसला आला. तिथे त्याने भौतिकशास्त्रज्ञ झाक शार्ल याची व्याख्याने ऐकली. अकरावी-बारावीला 'चार्ल्सचा नियम' पाठ केलेल्यांना हे नाव माहीत आहे, तोच हा शार्ल. १७८३ मध्ये हायड्रोजनच्या बलूनमधून उडालेला हाच. कागदावरचे चित्र किंवा एखादी भरीव वस्तू पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या मेगास्कोप या यंत्राशीही त्याचेच नाव जोडले जाते. रॉबर्टसनने पुढे आयुष्यात दोनच धंदे केले, पडद्यावर प्रतिमा पाडायचा आणि बलून उडवायचा. दोन्हींचे बी या एका मास्तराच्या वर्गात पडले असे मला वाटते.

१७९६ मध्ये तो सरकारकडे एक योजना घेऊन गेला. आर्किमिडीजने आरशांनी उन्हाची तिरीप एकवटून शत्रूची जहाजे जाळली अशी दंतकथा आहे. त्याच धर्तीवर प्रचंड आरसे बसवून इंग्रजांचे आरमार पेटवू, असा त्याचा प्रस्ताव होता. सरकारने नकार दिला. आरशांचा माणूस मग करमणुकीकडे वळला.

पडद्यामागे काय चालायचे?

जादूचा कंदील, म्हणजे मॅजिक लँटर्न, रॉबर्टसनने शोधलेला नाही. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगेन्सने तो १६५९ च्या सुमारास बनवला होता. पेटीत दिवा, पुढे रंगवलेली काच, त्यापुढे भिंग. समोर भिंतीवर मोठे चित्र. गावोगावी फिरणारे लोक हा खेळ करत आणि त्यात घाबरण्यासारखे काही उरले नव्हते, कारण कंदील प्रेक्षकांच्या मधेच ठेवलेला असे.

रॉबर्टसनच्या यंत्रात, 'फँटास्कोप'मध्ये, तीन-चार बदल होते आणि ते एकत्र आले म्हणून परिणाम साधला.

कंदील पडद्यामागे गेला. लेप देऊन अर्धपारदर्शक केलेले पातळ सुती कापड मधे ताणलेले असे आणि प्रतिमा मागून त्यावर पडे. प्रेक्षकाला यंत्र दिसतच नाही. अंधारात पडदाही दिसत नाही.

काचेवरच्या आकृतीभोवतीचा सगळा भाग काळ्या रंगाने भरलेला असे. साध्या कंदिलात चित्राभोवती उजेडाचे गोल वर्तुळ पडते आणि ते दिसले की चित्र हे चित्रच वाटते. वर्तुळ गेले की आकृती हवेत तरंगू लागते.

आणि तिसरी, सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे कंदिलाला चाके होती.

इथे जरा थांबू, कारण गंमत उलटी आहे. प्रेक्षकाला भूत आपल्याकडे धावत येताना दिसते, तेव्हा पडद्यामागचा कंदील खरे तर मागे मागे, प्रेक्षकापासून लांब जात असतो. कंदील आणि पडदा यांतले अंतर वाढले की प्रतिमा मोठी होते. भोवती काळोख असल्याने मेंदूला तुलना करायला दुसरे काहीच नसते. मोठी होणारी वस्तू म्हणजे जवळ येणारी वस्तू, एवढा एकच अर्थ तो लावतो.

पण नुसती चाके लावून भागत नाही. समजा भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर आहे. पडदा भिंगापासून २ मीटरवर असताना प्रतिमा ९ पट मोठी पडते, म्हणजे काचेवरचे ८ सेंटिमीटरचे चित्र ७२ सेंटिमीटरचे होते. कंदील मागे नेऊन हे अंतर ६ मीटर केले तर प्रतिमा २९ पट, म्हणजे २ मीटर ३२ सेंटिमीटर. लहान मुलाच्या उंचीची आकृती काही क्षणांत दरवाजापेक्षा उंच झाली. मात्र त्या दरम्यान काच आणि भिंग यांतले अंतर सुमारे दीड सेंटिमीटरने कमी करावे लागते, नाहीतर चित्र धूसर होते. शिवाय तोच उजेड दहापट क्षेत्रफळावर पसरतो. आकृती जवळ येताना मंद होत गेली तर फसवणूक लगेच पकडली जाईल. म्हणून भिंगापुढे कमी-जास्त उघडणारी झडप असे. प्रतिमा लहान असताना झडप जवळजवळ मिटलेली, मोठी होताना उघडत जाणारी. ढकलणे, फोकस सांभाळणे आणि झडप उघडणे, तिन्ही कामे अंधारात, आवाज न करता, एकाच लयीत. हे आकडे माझ्या हिशेबाचे आहेत, पण नियम तोच. आपल्या फोनचा कॅमेरा झूम करताना फोकस आणि एक्स्पोजर आपोआप जुळवतो, ते काम तेव्हा माणसाची मनगटे करत होती.

उजेडाचा स्रोत काय, तर आर्गँड पद्धतीचा तेलाचा दिवा. पोकळ, नळीसारखी वात आणि वर काचेची चिमणी, त्यामुळे हवा आतून-बाहेरून मिळते आणि ज्योत स्वच्छ जळते. तरीही सगळा उजेड सात-आठ मेणबत्त्यांच्या आसपास. एवढ्यावर अख्खे दालन घाबरवायचे होते.

याशिवाय दोन काचा एकमेकींवर सरकवून डोळे फिरवणे, धुरावर प्रतिमा पाडणे, मेगास्कोपने खऱ्या वस्तू आणि मुखवटे दाखवणे, असे बरेच काही होते. एकाच वेळी एकाहून अधिक कंदील चालत. मागचे मठाचे दृश्य स्थिर आणि पुढे आकृती चालते, अशी आजच्या भाषेत दोन लेयरची रचना त्याने केली होती.

गोष्टी कुठून आल्या?

इथपर्यंत इंजिनीअरिंग झाले. पण माझ्या मते रॉबर्टसनची खरी समज पुढे आहे. नुसत्या सांगाड्याला लोक दोन दिवस घाबरतील, तिसऱ्या दिवशी हसतील. लोकांच्या मनात आधीपासून असलेली गोष्ट मात्र दिव्याने फक्त पेटवायची असते, हे त्याला कळले होते. म्हणून त्याने प्रसंग उचलले ते पुस्तकांतून.

मॅथ्यू लुइसची 'द मंक' ही इंग्रजी भयकादंबरी १७९६ मध्ये आली आणि लगेच फ्रेंचमध्येही गेली. तिच्यात रक्ताळलेल्या ननचे भूत आहे, एका हातात खंजीर आणि दुसऱ्या हातात दिवा. रॉबर्टसनने तिला पडद्यावर आणले. मठाच्या कमानींतून ती हळूहळू चालत येते, कुणाला तरी शोधत, आणि इतकी पुढे येते की लोक तिला वाट करून द्यायला सरकतात. हा खेळ खऱ्याखुऱ्या नन्सच्या सोडलेल्या मठात चालला होता, हे लक्षात घेतले की जागेची निवड किती विचारपूर्वक होती ते कळते.

'मॅकबेथ'मधल्या चेटकिणी होत्या. बायबलमधली, सॅम्युएलचा आत्मा बोलावणारी एंडोरची मांत्रिक स्त्री होती. ग्रीक कथांतली मेड्यूसा होती.

सगळ्यांत हळवा प्रसंग एडवर्ड यंग या इंग्रज कवीच्या 'नाइट थॉट्स' या काव्यावरचा. त्यात परक्या फ्रेंच भूमीवर, प्रॉटेस्टंट असल्यामुळे मुलीच्या दफनाला जागा नाकारली गेल्याचे आणि रात्रीच्या अंधारात तिला गुपचूप पुरावे लागल्याचे दुःख आहे. फ्रान्समध्ये हे काव्य अनुवादातून घरोघर पोहोचले होते. रॉबर्टसनच्या पडद्यावर चांदण्यातली दफनभूमी दिसे. बाप मुलीचे कलेवर हातांवर घेऊन तळघरात उतरे आणि एकेका शवपेटीवर थाप मारून जागा मागे. शेवटी एक मृतात्मा आपली जागा तिला देई. झाकण बंद होई, मुलीचा आत्मा वर जाई आणि बाप गुडघे टेके.

आता हे पाहणारे लोक कोण होते, ते आठवा. १७९३-९४ च्या 'दहशतीच्या राजवटी'त फ्रान्समध्ये सुमारे १७ हजार जणांना रीतसर शिक्षा सुनावून मारण्यात आले. त्याला जेमतेम पाच वर्षे होत होती. पॅरिसमध्ये गिलोटिनखाली गेलेल्यांची प्रेते सामूहिक खड्ड्यांत टाकली जात. नाव नाही, दगड नाही. मुलीसाठी दफनाला हातभर जागा मागणारा बाप अशा प्रेक्षकांपुढे उभा राहिला, तेव्हा ती कुणाला परक्या कवीची गोष्ट वाटली नसणार.

म्हणूनच पडद्यावर मरा आणि रोबेस्पिएरही येत. थडग्यातून उठू पाहणाऱ्या रोबेस्पिएरवर वीज कोसळे. गिलोटिनचा बळी ठरलेला रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए मात्र सौम्य प्रकाशात येई.

हे सगळे निरुपद्रवी नव्हते. खेळाची सुरुवात त्याने मठाच्याही आधी, २३ जानेवारी १७९८ रोजी पॅरिसच्याच पाव्हियाँ द लेशिकिए या ठिकाणी केली होती. तेव्हाच्या एका वर्तमानपत्री वृत्तांतात दोन प्रसंग आहेत. एका तरुणाने गमावलेल्या प्रेयसीचे छोटे चित्र दाखवले आणि थोड्या वेळाने ती धुरात दिसली. दुसऱ्या एकाने तर गिलोटिनवर चढवलेल्या सोळाव्या लुई राजालाच परत आणायची मागणी केली. ती विद्या आता आपल्याकडे राहिली नाही, असे काहीसे सांगून रॉबर्टसनने वेळ मारून नेली. पण राजाला परत आणणे हा प्रजासत्ताकात थट्टेचा विषय नव्हता. पोलिसांनी खेळ थांबवला आणि रॉबर्टसन काही काळ बोर्दो शहरात निघून गेला.

विज्ञान की फसवणूक?

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आधी 'चमत्कार' करतात आणि मग युक्ती उघड करतात. रॉबर्टसनचा क्रम वेगळा होता. ही युक्ती आहे हे तो आधीच सांगे, पण युक्ती काय ते सांगत नसे. त्यामुळे डोके निर्धास्त आणि छाती धडधडत, अशी प्रेक्षकाची अवस्था होई. भीती घालवायला आपण भीती दाखवतो, हा त्याचा दावा अर्धाच खरा मानावा लागेल. उरलेला अर्धा तिकीटबारीवर होता. तरीही मृतांशी बोलण्याची शक्ती आपल्याकडे आहे, असे म्हणून पैसे कमावणे त्या पॅरिसमध्ये अगदी सोपे असताना त्याने आपल्या खेळाला भौतिकशास्त्रच म्हटले, ही नोंद त्याच्या बाजूने केली पाहिजे.

मूळ कल्पना पूर्णपणे त्याची होती का? नाही. पॉल फिलिडोर नावाच्या खेळियाने असाच प्रयोग १७९२-९३ मध्ये पॅरिसमध्ये केला होता आणि रॉबर्टसनने तो पाहिला होता. फिलिडोर अचानक पॅरिसमधून नाहीसा झाला. रॉबर्टसनने तंत्र सुधारले, साहित्याची जोड दिली आणि १७९९ मध्ये फँटास्कोपचे पेटंट घेतले. लवकरच त्याच्याच माजी मदतनिसांनी स्वतंत्र खेळ सुरू केले. तो कोर्टात गेला. खटल्यात यंत्र कसे चालते हे चारचौघांत उघड झाले आणि गुपित संपले. मग जो तो फॅन्टॅस्मागोरिया करू लागला. लंडनमध्ये १८०१ मध्ये असा खेळ आणणारा पॉल द फिलिप्स्थाल हा माणूस म्हणजेच तो गायब झालेला फिलिडोर, असे अभ्यासक मानतात. उसनी घेतलेली कल्पना राखायला गेलेल्या माणसाच्या हातून ती अशी सुटली.

मग बलून

भुतांचा धंदा उतरणीला लागल्यावर तो आकाशात गेला. १८ जुलै १८०३ रोजी हॅम्बुर्गहून एका सहकाऱ्यासह त्याने सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याचे नोंदवले. त्या काळी हा विक्रम होता. वर पृथ्वीचे चुंबकत्व कमी जाणवते असा दावाही त्याने केला. तो तपासायला पुढच्या वर्षी गे-ल्युसॅक आणि बिओ हे फ्रेंच शास्त्रज्ञ स्वतः बलूनमधून वर गेले आणि तसे काही आढळले नाही. १८०४ मध्ये तो रशियन अकादमीचे सदस्य याकोव्ह झाखारोव्ह यांच्यासह सेंट पीटर्सबर्गहून उडाला. त्याच वर्षी साठ माणसे नेऊ शकेल अशा 'मिनर्व्ह' नावाच्या अवाढव्य बलूनचा आराखडा त्याने छापला आणि तो व्होल्टाला, बॅटरी शोधणाऱ्या त्याच शास्त्रज्ञाला, अर्पण केला. ते बलून कधी बनले नाही. मुलांनीही हाच व्यवसाय पत्करला. थोरल्या यूजीनने अमेरिका आणि मेक्सिकोत उड्डाणे केली, तर दिमित्रीने १८३६ मध्ये कलकत्त्यात.

कल्याणचा कंदील

जादूचा कंदील महाराष्ट्रातही रुजला, पण वेगळ्या वळणाने. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. नावातले 'शांबरिक' मायावी शंबरासुराची आठवण देते. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे, एकातून दुसरे उमलावे अशी दृश्ये, जोडीला निवेदन आणि संगीत. पटवर्धनांच्या मुलांनी हा खेळ १९१८ पर्यंत चालू ठेवला. त्यांचा रॉबर्टसनशी थेट संबंध नव्हता, पण निवड तीच होती. गोष्टी घेतल्या त्या रामायण-महाभारतातल्या, प्रेक्षकाला आधीच पाठ असलेल्या. फरक एवढाच की पॅरिसचा कंदील घाबरवायचा आणि कल्याणचा हात जोडायला लावायचा.

शेवटची वर्षे

आठवणींचे दोन खंड त्याने १८३१ आणि १८३३ मध्ये छापले. आज त्याच्या खेळाविषयी जे माहीत आहे त्यातले पुष्कळसे या खंडांतूनच येते, त्यामुळे किंकाळ्यांचे वर्णन वाचताना थोडी सूट धरावी. तोवर मठ पाडून तिथून नवा रस्ता गेला होता, आजचा र्यू द ला पे. दागिन्यांच्या दुकानांसाठी तो प्रसिद्ध आहे.

२ जुलै १८३७ रोजी पॅरिसजवळच्या बातिन्योल येथे रॉबर्टसनचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्याची उंच समाधी आहे. वर पंख असलेल्या कवट्या कोरलेल्या आहेत. एका बाजूच्या शिल्पपटात लोक मान वर करून बलून पाहत आहेत. दुसऱ्या बाजूला त्याचा खेळ चालू आहे. सांगाडे आणि पंखवाले जीव झेपावत आहेत, प्रेक्षक मागे सरकत आहेत आणि एकाने तोंड झाकून घेतले आहे.